उत्तर समुद्राचें दार

या सदराचा विषय आम्ही बहुधा पुस्तकांतून निवडतों, हें आमच्या नेहमींच्या वाचकांस ठाऊक आहे. या खेपेस मात्र विषयच आपण होऊन आमच्या ओसरीवर आला. आमचें बिऱ्हाड लोणी काळभोर येथें आहे. पुण्याहून सोलापूरच्या रस्त्यानें येतांना मुळामुठेच्या कांठीं, राजबागेंत, व्यापारी जहाजांवरील अधिकारी तयार करणारें एक विद्यालय आहे. समुद्रापासून इतक्या दूर, उंसाच्या मळ्यांशेजारीं, पांढऱ्या गणवेशांतील भावी नाविक पाहून परगांवच्या पाहुण्यांस नवल वाटतें. आम्हां लोणीकरांस त्याची संवय झाली आहे. आमच्या एका स्नेह्यांचा मुलगा याच विद्यालयांत शिकला, दोन वर्षें त्यानें जहाजावर काढलीं, आणि या श्रावणांत तो रजेवर घरीं आला.

मंगळागौरीच्या दुसऱ्या दिवशीं दुपारीं त्याच्या मातोश्री आमच्याकडे आल्या. मुलगा मागोमाग होताच. चहा होईपर्यंत वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. मग एकदम म्हणाल्या, “भावोजी, तुम्हीच याला एकदां नीट विचारा. पुढच्या खेपेला हा बर्फाच्या समुद्रांत जाणाऱ्या बोटीवर जातो म्हणतो. वर मलाच सांगतो कीं, तिकडचा बर्फ आतां वितळत चाललाय, तेव्हां भिण्याचं कारणच उरलं नाहीं. यांनाही तें पटलंय. मला मात्र रात्रीं झोप लागत नाहीं.”

आम्हीं मुलाला समुद्राचें नांव विचारलें. “काका, ग्रीनलंड आणि स्पिट्सबर्गेन यांच्या मधली फ्राम सामुद्रधुनी,” तो म्हणाला. शास्त्रज्ञांना व प्रवाशांना घेऊन बर्फाच्या कडेपर्यंत जाणाऱ्या एका जहाजावर जागा मिळण्यासारखी होती. आम्हीं आठ दिवसांची मुदत मागून घेतली. त्या आठ दिवसांत जें वाचलें आणि त्यावरून वहिनींस जें सांगितलें, तें आज वाचकांपुढें ठेवीत आहों. त्यांच्यासारखी काळजी करणाऱ्या माता आतां महाराष्ट्रांत एकट्यादुकट्या नाहींत.

प्रथम ही जागा कोठें आहे, तें पाहूं. लोणी काळभोर विषुववृत्ताच्या उत्तरेस साडेअठरा अंशांवर आहे. म्हणून येथील गच्चीवरून ध्रुवतारा क्षितिजाच्या वर साडेअठरा अंशांवरच दिसतो; हात पुढें लांब करून बोटें ताणलीं, तर जेमतेम एक वीतभर. लग्नांत वधूवरांस ध्रुव दाखवावयाचा असतो, तेव्हां तो बहुधा कोणाच्या तरी आंब्याआड गेलेला असतो, आणि गुरुजी “दिसला असें म्हणा” म्हणून पुढचा मंत्र सुरू करतात. फ्राम सामुद्रधुनीचा अरुंद भाग ७९ अंशांच्या आसपास आहे. तेथें तोच तारा जवळजवळ माथ्यावर येतो. लोणीहून सरळ रेषेनें तें अंतर सुमारें साडेसात हजार किलोमीटर भरेल. तेथें एप्रिलच्या मध्यानंतर मावळणें सोडलेला सूर्य ऑगस्टच्या चौथ्या आठवड्यापर्यंत आकाशांतच फिरत राहतो. आणि ऑक्टोबरच्या अखेरीस बुडालेला सूर्य फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत उगवत नाहीं.

आतां या सामुद्रधुनीचें महत्त्व. उत्तर ध्रुवाभोंवतींचा महासागर हा चौसोपी वाड्याच्या चौकासारखा आहे. एका अंगाला आशिया व युरोप, दुसऱ्या अंगाला उत्तर अमेरिका आणि ग्रीनलंड, असे त्याचे चार सोपे. चौकांत पाणी येण्याजाण्याच्या वाटा मोजक्याच आहेत. अलास्का व सैबेरिया यांच्यामधील बेरिंग सामुद्रधुनी सुमारें ८५ किलोमीटर रुंद आहे, पण तिची खोली अवघी ५० मीटरांच्या आसपास. ती खिडकी समजावी. कॅनडाच्या उत्तरेकडील बेटांमधून जाणाऱ्या वाटा म्हणजे वाड्यामागचे बोळ. नॉर्वेच्या उत्तरेचा बॅरेंट्स समुद्र चांगला ऐसपैस आहे, परंतु त्याची सरासरी खोली सुमारें २३० मीटर. तो रुंद ओटा झाला. खरें दार एकच. ग्रीनलंडचा ईशान्य किनारा आणि स्पिट्सबर्गेन ज्यांत मोडतें तो स्वालबार्ड बेटांचा समूह, यांमधील सुमारें ४५० किलोमीटर रुंदीची ही सामुद्रधुनी. तिचा उंबरठाही पाण्याच्या पृष्ठभागापासून सुमारें २६०० मीटर खोल आहे. उत्तर महासागराच्या तळचें पाणी जगांतील इतर महासागरांशीं मिसळण्यास एवढीच एक खोल वाट आहे.

याच सामुद्रधुनींत मॉलॉय नांवाची एक गर्ता असून ती सुमारें ५५५० मीटर खोल आहे. उत्तर महासागरांतील हा सर्वांत खोल बिंदु होय. कळसूबाईचें शिखर १६४६ मीटर उंच. असे तीन डोंगर एकावर एक रचून त्या गर्तेंत उभे केले, तरी वर सहाशे मीटर पाणी उरेल. माणूस तेथें प्रथम उतरला तो २०१९ सालीं.

दारांतून आंत काय जातें आणि बाहेर काय येतें, हा यापुढचा प्रश्न. अटलांटिक महासागरांतून आलेलें, त्या मानानें ऊबदार आणि खारें पाणी स्पिट्सबर्गेनच्या किनाऱ्यालगत उत्तरेकडे जातें. त्याचें उष्णमान सुमारें ३ ते ६ अंश, आणि किलोभर पाण्यांत मीठ सुमारें ३५ ग्रॅम. उलट ध्रुवाकडील गोठणाच्या बेतास आलेलें, कमी खारें पाणी आणि त्यावर तरंगणारा बर्फ हीं ग्रीनलंडच्या किनाऱ्यानें दक्षिणेकडे येतात. एकाच दारांत दोन प्रवाह, आणि दोघेही आपापल्या उजव्या हाताला धरून चालणारे! पुण्याच्या रस्त्यावर डावीकडून चालण्याचा नियम आहे. उत्तर गोलार्धांतील समुद्राचा नियम त्याच्या उलट. त्याचें कारण पृथ्वीचें फिरणें. लोणी काळभोरची जमीन आपणां सर्वांस घेऊन ताशीं सुमारें १५८० किलोमीटर वेगानें पूर्वेकडे धांवत आहे, तर ७९ अंशांवरील जमीन ताशीं सुमारें ३२० किलोमीटर. दक्षिणेकडून उत्तरेस जाणारें पाणी पूर्वेकडचा आपला जादा वेग बरोबर नेतें, म्हणून तें पूर्वेकडे, म्हणजे आपल्या उजवीकडे, कलतें. उत्तरेकडून येणारें पाणी वेगांत मागें पडतें, म्हणून पश्चिमेकडे रेलतें. तीही त्याची उजवीच बाजू. यामुळें एकाच अक्षांशावर पूर्वेस स्पिट्सबर्गेनचा पश्चिम किनारा भर हिंवाळ्यांतही बहुतांशीं मोकळा राहतो, आणि समोर ग्रीनलंडच्या बाजूस बर्फाची दाटी असते.

या पाण्याचें मान किती असावें? आंत जाणारा प्रवाह सरासरीनें सेकंदास ६० लक्ष घनमीटरांहून अधिक भरतो. आंकडा डोळ्यांपुढें उभा राहावा म्हणून आम्हीं खडकवासल्याचें उदाहरण घेतलें. ज्या धरणाचें पाणी कालव्यानें आमच्या लोणीच्या मळ्यांस मिळतें, आणि जें भरून वाहूं लागलें म्हणजे मुळामुठेच्या कांठचीं गांवें सावध होतात, तें धरण या प्रवाहानें नऊदहा सेकंदांत कांठोकांठ भरेल. जगांतील सर्वांत मोठी नदी ॲमेझॉन. तशा तीस नद्या एकत्र केल्या म्हणजे या एका प्रवाहाची बरोबरी होईल.

वाचकांस वाटेल कीं एवढें ऊबदार पाणी ध्रुवाकडे जात असतां तेथें बर्फ उरतो तरी कसा? याचें उत्तर मिठांत आहे. खारें पाणी जड असतें. सामुद्रधुनी ओलांडून आंत गेल्यावर अटलांटिकचें तें खारें पाणी ध्रुवाकडील हलक्या, थंड पाण्याखालीं बुडी मारतें आणि शेंदोनशें मीटर खालून पुढें सरकत राहतें. वर थंड पाण्याची चादर, तिच्यावर बर्फ, आणि खालीं ऊब. ती मधली चादर आहे तोंवर खालची ऊब बर्फाला सहसा पोंचत नाहीं.

ही गोष्ट प्रथम ध्यानांत आणून देणारा पुरुष नॉर्वेचा फ्रिड्‌ज्योफ नान्सेन. त्याची हकीकत सांगितल्यावांचून या सामुद्रधुनीचें नांव उलगडत नाहीं. जीनेट नांवाचें एक अमेरिकन जहाज १८८१ सालीं सैबेरियाच्या उत्तरेस बर्फांत चिरडून बुडालें. तीन वर्षांनीं, १८८४ सालीं, त्यांतील कांहीं सामान ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर बर्फाबरोबर वाहत आलेलें सांपडलें. नान्सेननें त्यावरून तर्क बांधला कीं, बर्फ ध्रुवाच्या बाजूनें वाहत जाऊन या दारानें बाहेर पडत असला पाहिजे. मग एखादें जहाज मुद्दाम बर्फांत अडकवून घेतलें तर तेंही तसेंच बाहेर येईल. अनेक जाणत्यांस ही कल्पना वेडेपणाची वाटली. नान्सेननें बर्फाचा दाब बसतांच चिरडण्याऐवजीं वर उचललें जाईल अशा गोल बुडाचें जहाज बांधवून घेतलें. त्याचें नांव फ्राम. नॉर्वेच्या भाषेंत त्याचा अर्थ ‘पुढें’.

१८९३ च्या सप्टेंबरांत फ्राम सैबेरियाच्या उत्तरेस बर्फांत गोठलें, आणि जवळजवळ तीन वर्षें बर्फाबरोबर वाहत राहिलें. मध्यंतरीं १८९५ सालीं नान्सेन एका सोबत्यासह जहाज सोडून कुत्र्यांच्या गाड्यांनीं ध्रुवाकडे निघाला आणि ८६ अंशांच्या पलीकडे पोंचून माघारा वळला. इकडे जहाज मात्र १८९६ च्या ऑगस्टांत, तर्काप्रमाणें, स्पिट्सबर्गेनच्या वायव्येस बर्फांतून सुटलें. त्या तीन वर्षांत खलाशांनीं बर्फाला भोंकें पाडून खोली मोजली, पाण्याचें उष्णमान घेतलें, आणि उत्तर महासागर उथळ नसून तीन हजार मीटरांहूनही खोल आहे, व थंड पाण्याखालीं ऊबदार पाण्याचा थर आहे, असें दाखवून दिलें. त्या जहाजाचें नांव सामुद्रधुनीस मिळालें, तें योग्यच झालें.

याच दारानें आजही बर्फ बाहेर पडतो. उत्तर महासागरावर जितका बर्फ पसरलेला असतो, त्याचा सुमारें दहावा हिस्सा दरसाल येथून दक्षिणेकडे जातो. हा बर्फ म्हणजे बहुतांशीं गोडें पाणी. तो अटलांटिकच्या उत्तर भागांत जाऊन वितळतो. तेथें हिंवाळ्यांत वरचें खारें पाणी थंड व जड होऊन खोल बुडत असतें, आणि त्या बुडण्यावर महासागराच्या तळच्या अभिसरणाचा मोठा भाग अवलंबून आहे. गोडें पाणी प्रमाणाबाहेर आलें, कीं वरचें पाणी हलकें राहतें आणि बुडेनासें होतें. १९६८ च्या सुमारास हें घडलें. या सामुद्रधुनींतून नेहमींपेक्षां पुष्कळ बर्फ बाहेर पडला. त्यापासून झालेलें कमी खारें पाणी उत्तर अटलांटिकभर फिरत राहिलें, लॅब्राडोर समुद्रांत हिंवाळी पाणी बुडण्याची क्रिया त्यानें मंदावली, आणि सुमारें चौदा वर्षांनीं, १९८२ च्या आसपास, तें फिरून नॉर्वेजवळच्या समुद्रांत ओळखूं आलें. दारांतून एका वर्षीं बाहेर पडलेल्या बर्फाचा हिशेब पुरा होण्यास चौदा वर्षें लागलीं!

येथवर ऐकून वहिनींनीं विचारलें, “पण आपला याच्याशीं काय संबंध?” पुण्याच्या परिसरांत हा प्रश्न नवा नाहीं. लोकमान्य टिळकांचा आर्यांच्या उत्तर ध्रुवाकडील मूलस्थानाविषयींचा ग्रंथ १९०३ सालीं पुण्यांत प्रसिद्ध झाला. फ्राम बर्फांतून सुटून सातच वर्षें झालीं होतीं. ऋग्वेदांतील दीर्घ उषःकालाचीं वर्णनें ध्रुवप्रदेशांतील असावींत, हा त्यांतील मुख्य विचार. आजचे पंडित तो सिद्धांत मान्य करीत नाहींत. परंतु सहा महिन्यांचा दिवस आणि सहा महिन्यांची रात्र यांची चर्चा ज्या घरांतून झाली, त्या घरांस उत्तर ध्रुव अगदींच परका राहिला नाहीं, एवढें म्हणावयास हरकत नाहीं.

प्रत्यक्ष संबंधही आहे, आणि तो कागदोपत्रीं शंभर वर्षांहून जुना आहे. स्वालबार्डसंबंधींच्या पॅरिसच्या तहावर १९२० च्या फेब्रुवारींत सह्या झाल्या, त्यांत तेव्हांच्या हिंदुस्थानचा समावेश होता. २००७ सालीं भारतीय शास्त्रज्ञांची पहिली तुकडी तेथें गेली, आणि १ जुलै २००८ रोजीं स्पिट्सबर्गेनवरील न्यू-ओलेसुंड या वस्तींत ‘हिमाद्रि’ हें आपलें संशोधनस्थान उघडलें. तेथून ध्रुव सुमारें १२०० किलोमीटर. डिसेंबर २०२३ पासून आपले लोक हिंवाळ्याच्या अखंड रात्रींतही तेथें राहून काम करूं लागले. या सर्व कामाचा कारभार गोव्यांतून, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व सागरी संशोधन केंद्रांतून चालतो.

हिमाद्रीच्या पुढ्यांत काँग्सफ्योर्डेन नांवाची खाडी आहे. तिचें तोंड पश्चिमेस या सामुद्रधुनीकडे उघडतें, आणि तोंडाशीं उंचवटा नसल्यामुळें बाहेरचें ऊबदार पाणी बिनअटकाव आंत शिरतें. म्हणजे दारांतील घडामोडींची चाहूल या खाडींत लागते. २०१४ च्या जुलैंत गोव्याच्या या केंद्रानें आणि चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेनें तेथें १९२ मीटर खोल पाण्यांत उपकरणांची एक माळ नांगरून ठेवली. तिचें नांव इंडआर्क. खालीं वजन, वर तरंगते गोळे, आणि मधल्या दोरावर पाण्याचें उष्णमान, खारटपणा व प्रवाह मोजणारीं यंत्रें. वर कोणी नसतांना तीं आपलें टांचण करीत असतात. पुढें जहाज जाऊन माळ वर काढतें, नोंदी उतरून घेतें, आणि माळ पुन्हां बुडवितें.

अशा नोंदींवरून काय दिसलें? २००६ च्या हिंवाळ्यांत अटलांटिकचें पाणी या खाडींत खोलवर शिरलें, आणि पूर्वी हिंवाळ्यांत हमखास गोठणारी ही खाडी तेव्हांपासून तशी भरंवशानें गोठेनाशी झाली. सामुद्रधुनींत १९९७ पासून जर्मन व नॉर्वेजियन शास्त्रज्ञांनीं यंत्रांची रांगच लावली होती. २०१० पर्यंतच्या नोंदींत आंत जाणारें पाणी वर्षास सुमारें ०.०६ अंशानें तापत गेल्याचें आढळलें. हा आंकडा किरकोळ वाटेल. पण नऊदहा सेकंदांत एक खडकवासला, या हिशेबानें तेरा वर्षें त्याचा गुणाकार करून पाहावा! बाहेर येणाऱ्या बर्फाची जाडी नॉर्वेच्या ध्रुवसंशोधन संस्थेनें १९९० पासून मोजली आहे. २००७ च्या सुमारास तींत एकाएकीं पालट पडला. दाबानें एकावर एक चढून बनलेला, चार मीटरांहून जाड असा जुना बर्फ निम्म्याहून कमी झाला, आणि मग तो पूर्ववत् झाला नाहीं. बर्फ आतां महासागरांत पूर्वींइतकीं वर्षें मुरत नाहीं; लवकर बनतो आणि लवकर दारांतून बाहेर पडतो.

याचें मूळ कारण हवेंत वाढलेला कर्बवायु. त्यासाठीं उत्तरेकडे बोट दाखविण्याचें कारण नाहीं. आमच्या लोणींत तेलाच्या मोठमोठ्या टांक्या आहेत. मुंबईहून जमिनीखालच्या नळानें इंधन येतें, आणि येथून टँकर भरभरून गांवोगांव जातें. आमच्या दारांतील गाडी त्यावरच चालते. आणि परिणाम तिकडेच थांबतात असेंही नाहीं. गोव्याच्या केंद्रांतील संशोधकांनीं २०२१ सालीं असें दाखविलें कीं, सैबेरियाच्या उत्तरेकडील कारा समुद्रांतील उन्हाळी बर्फाची घट आणि सप्टेंबर महिन्यांत मध्य भारतांत होणारी अतिवृष्टि यांचा मेळ बसतो. हा संबंध संभवनीय म्हणून मांडलेला आहे, सिद्ध म्हणून नव्हे. पण ऐन काढणीच्या वेळीं परतीचा पाऊस शेतांत उभा राहिलेला ज्यानें पाहिला आहे, त्याला या संशोधनाची किंमत निराळी सांगावी लागत नाहीं.

ठरल्या दिवशीं आई आणि मुलगा पुन्हां आले. हें सर्व सांगून झाल्यावर आम्ही मुलाकडे वळलों. त्याला म्हटलें, “बर्फ कमी झाला हें तूं सांगितलेंस तें खरें आहे. पण त्यावरून भय कमी झालें, हें तूं आईच्या समाधानाकरितां जोडलेंस. पातळ बर्फ वाऱ्यासरशीं अधिक वेगानें हिंडतो. सकाळीं मोकळी असलेली वाट संध्याकाळीं बंद झालेली असते. बर्फाची कडा मागें हटली म्हणून जहाजें अधिक उत्तरेस जातात, आणि तेथें धुकें असतें, मदत दूर असते. थंडींत लाटांचे तुषार जहाजावर गोठत जाऊन तें वरच्या अंगानें जड होतें. होकायंत्राचा भोंवरा ध्रुवाकडे दुबळा पडतो, हें तर तुला शिकविलेलेंच आहे. विषुववृत्तावरचे उपग्रह तेथून क्षितिजाला टेकतात आणि संदेश तुटतात.”

मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग आईकडे वळून म्हणाला, “आई, मी तुला सांगितलं तें अर्धंच होतं.”

वहिनींनीं आम्हांस विचारलें, “पाण्यांत पडलं तर काय होतं तेवढं सांगा.” आम्हीं लपविलें नाहीं. खारें पाणी शून्याच्या खालीं सुमारें पावणेदोन अंशांपर्यंत न गोठतां राहतें; तशा पाण्यांत साध्या कपड्यांनिशीं पडलेल्या माणसाचे हातपाय कांहीं मिनिटांत निकामी होतात. यासाठींच अंगभर झाकणारे पोषाख जहाजावर ठेवावे लागतात. ध्रुवीय समुद्रांत जाणाऱ्या जहाजांसाठीं १ जानेवारी २०१७ पासून सर्व राष्ट्रांचे निराळे नियम लागू झाले असून, त्यांवरील अधिकाऱ्यांस १ जुलै २०१८ पासून स्वतंत्र शिक्षण सक्तीचें आहे.

“म्हणजे त्यानं जाऊं नये, असं तुमचं मत?” त्यांनीं पुन्हां विचारलें.

आमचें मत तसें नव्हतें. ज्या दारांतून जगाच्या समुद्राची ऊब आंत जाते आणि थंडी बाहेर येते, तेथें आपलीं माणसें असलीं पाहिजेत. गोव्याच्या शास्त्रज्ञांना तेथवर नेणारीं जहाजेंही कोणीतरी हांकलींच पाहिजेत. आम्हीं एवढेंच सांगितलें कीं, जावयाचें तर भय आहे हें धरून जावें, आणि घरच्यांसही तें सांगून जावें. वहिनी बराच वेळ पदराचें टोंक बोटाभोंवतीं गुंडाळीत बसल्या होत्या. शेवटीं त्यांनीं मुलाला अट घातली. बर्फांतल्या जहाजांचें तें शिक्षण आधीं पुरें करावयाचें, आणि मग करारावर सही. तोंवर त्या ना होय म्हणणार, ना नाहीं. मुलानें ती मान्य केली. पुढच्या महिन्यांत तो त्या वर्गाला जात आहे.

जातांना वहिनी आमच्या गच्चीवर येऊन गेल्या. उत्तरेचें आकाश श्रावणाच्या ढगांनीं भरलेलें होतें, आणि ध्रुव कांहीं दिसला नाहीं. तरी त्यांनीं हात पुढें लांब केला, क्षितिजापासून एक वीत मोजली, आणि जागा पाहून ठेवली.